भोपळे दोनच

सोलापूर, मार्गशीर्ष, रविवार

गल्लीत आज पुन्हा उंदीर मरून पडले. प्लेग आला की आम्ही माळावर झोपडी घालतो. यंदा ह्यांच्या डोक्यात नाव. भीमा नदीवरची जुनी, छपराची. विकत घ्यायची आणि मुलांना घेऊन तिच्यातच राहायचं. म्हणे, "पाण्यात उंदीर कुठून येणार?"

काल बघून आलो. नावाड्याची बायको चुलीपाशी, आणि तिची रांगती पोर थेट नावेच्या काठाला. पाठीला वाळका भोपळा बांधलेला. मी तिला धरायला धावले. ती हसली. "पडली तरी तरंगतीया की, बाई. भ्यायचं काय त्यात?"

पडली तरी! म्हणजे पडतातच?

पण इथं राहायचं तर... शेजारच्या वहिनींना ताप भरलाय. गाठही आली म्हणतात.

संध्याकाळी हे भोपळे घेऊन आले. दोन्ही मुलांनी लगेच पाठीला बांधले, घरभर हुंदडली. भोपळे दोनच. ह्यांना पोहता येतं. मला येत नाही, हे इतक्या वर्षांत कधी निघालंच नाही. माझ्या माहेरी विहिरीलासुद्धा पाणी नसे.

जेवताना ह्यांनी विचारलं, "मग घ्यायची ना?"

मी हो म्हणाले. मुलं तर तरंगतील.