ठिपका नसलेली क्लिप

४ फेब्रु., मंगळ
दत्ताची पिकअप आली. शेळगावास्नं ट्रॅक्टरच्या मागं बांधून. वर्षभर गोठ्याशेजारी उभी होती, मागचा पत्रा तेवढा बारामतीत ठोकून झालाय. सुनंदावहिनी बरोबर आलेल्या.
"रफिकभाऊ, सुरू होती पण जागची हलत न्हाय. खाली लाल तेलाचा डाग हाय. तुमीच बघा. हिच्या इंजिनाला दुसऱ्या कुणी हात लावल्याला त्यांना चालायचा न्हाय."
त्यांना म्हंजी दत्ताला. जाऊन वर्ष झालं, अजून असंच बोलत्यात.
व्हय म्हणलो. दुसरं काय म्हणणार? बॉनेट उघडलं न्हाय.

५ फेब्रु., बुध
एका टेम्पोचे ब्रेक. एका जीपचा फॅनबेल्ट. पिकअपला पाठ करून काम केलं दिवसभर, भित्रा लेकाचा मी.
दत्तानं ही ऑटोमॅटिक घेतली तवा गाव हसलं होतं. डावा पाय लहानपणापास्नं अधू, क्लच दाबता यायचा न्हाय. ही बिनक्लचची. "रफ्या, आता मीबी ड्रायव्हर!" दुधाचे कॅन भरून रोज बारामती.
गेल्या साली गिअरच्या तेलाची लाइन गळाय लागली म्हणून हितं सणसरला माझ्याकडं आणली. मी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या वळणावर गाडी उभी, दत्ता खाली उतरून वाकून बघतोय, न् मागनं उसाचा ट्रेलर…
रस्त्यावर तेल होतं. सगळे म्हणाले धडकेनं सांडलं. मीबी म्हणलो. पण गाडी उघडून बघाय गेलो न्हाय.

७ फेब्रु., शुक्र
जुम्म्याची नमाज झाली न् उघडली.
गिअरबॉक्सपासनं रेडिएटरपर्यंत तेल न्हेणारा लोखंडी पाइप तवा गंजला होता. खराब तुकडा कापून मी रबरी पाइप घातला होता, दोन टोकांना दोन क्लिपा. एका टोकाची क्लिप घट्ट, वर माझा पिवळा ठिपका. दुसरं टोक निसटून लोंबतंय. क्लिप बोटानं गरागरा फिरती. ठिपका न्हाय.
धडक मागनं बसली. हा पाइप पुढचा.
अब्बांनी घालून दिलेली रीत. आवळलं की लगेच पिवळा ठिपका, पुढचं काम मग. वीस वर्षांत कधी चुकलो न्हाय.
त्या दिवशी एक क्लिप झाली न् दत्तानं हातातला पाना काढून घेतला. "आधी चहा! पाइप काय पळून चाललाय व्हय?" नाक्यावर गेलो. हसलो, खिदळलो, अर्धा तास. आलो न् बॉनेट पाडलं. दुसऱ्या टोकाकडं बघितलंच न्हाय.
या अल्ला.

८ फेब्रु., शनि
वहिनींचा फोन. त्यांना गाडी शिकायचीय, दूध परत सुरू करायचंय. पण सासरा, तात्या, आडवा आलाय. "म्हणत्यात, ती गाडी दारात नगं. पोरानं आपल्या हातानं मरण ओढवून घेतलं. वळणावर गाडी थांबवत्यात व्हय? भाऊ, तुमी त्यांचे दोस्त. एवढा शहाणा माणूस, वळणावर का थांबला असंल वो?"
मी म्हणलो, "वहिनी, आवाज कटतोय." फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता.
गिअरचं तेल संपलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढं सरकत न्हाय. ती अडली तितंच त्याला थांबावं लागलं. हे अख्ख्या तालुक्यात एका माणसाला ठाऊक हाय.
घरी बायकोला, नसीमला सांगितलं. म्हणाली, "गप बसा. कोण गाडी आणंल मग तुमच्याकडं?" मग भाकरी थापता थापता थांबली. "किती भरवसा हाय वो सुनंदाचा तुमच्यावर."  

१० फेब्रु., सोम
रबर सगळं काढून टाकलं. अख्खा लोखंडी पाइप नवा वाकवून बसवला. तेल भरलं. खाली पुठ्ठा टाकून तासभर इंजिन चालवलं, पुठ्ठा कोरडा. प्रत्येक नटावर ठिपका. दोनदा मोजलं.
चालवून बघाय नेली. कालव्याचं वळण आलं न् पाय आपसूक ब्रेकवर. बाजूच्या सीटवर कोणतरी बसलंय, अगदी खात्री. मान वळवायला धीर होईना. बघितलं तर दत्ताची उशी, पाठीला घ्यायचा ती. भर दुपारी घामानं सदरा भिजला.
"आधी चहा." कानात तेवढंच, सारखं.
जुनी क्लिप भंगारात टाकली. परत काढली. खिशात हाय.

११ फेब्रु., मंगळ. शेळगाव
वहिनींच्या ओट्यावर बसून लिहितोय. वही गाडीतच होती.
सकाळी पिकअप घेऊन आलो. वहिनींनी गाडीवरनं हात फिरवला. म्हणाल्या, "बसा भाऊ. आधी चहा घ्या."
म्हणलो, "न्हाय वहिनी. आधी बोलतो." क्लिप त्यांच्या हातावर ठेवली न् सगळं सांगितलं. पाइप, ठिपका, चहा. कायबी गाळलं न्हाय. रडलो, लाज न्हाय वाटली.
लई वेळ क्लिप फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी त्यांची चूक न्हवती."
"न्हाय वहिनी. माझी."
माझ्याकडं बघितलं न्हाय. क्लिप परत माझ्या हातात दिली. "तात्या रानात गेल्यात. येत्याल एवढ्यात. हे असंच, आता सांगितलं तसं, त्यांना सांगा." न् आत गेल्या. चुलीवर चहा उकळून उकळून आटल्याचा वास येतोय. बाहेर कोण आणंना.
पळून जावं वाटतं. चावी माझ्याकडंच हाय अजून.
बांधावरनं म्हातारा येतोय. गाडी दिसली त्याला, थांबलाय.