अडवलेले अकरा फोन

ताई,

बाबा शेवटपर्यंत तुझ्यावर रागावले होते, हे खोटं आहे. वर्षापूर्वी बंद केलेल्या इंटरनेटचं बिल कंपनी पाठवतच राहिली. मग वसुलीवाला रोज नव्या नंबरवरून ओरडायचा, "म्हाताऱ्या, पैसे बुडवून मरणार का?" किळस येऊन मी त्यांच्या मोबाइलवर अनोळखी नंबर बंद केले.

"थोरलीचा फोन आला का गं?" ते रोज विचारायचे. ते गेल्यावर अडवलेल्या नंबरांत तुझा नवा नंबर दिसला. अकरा वेळा.

तू रडत विचारलंस, तेव्हा मी म्हणाले, "होता त्यांचा थोडा राग."

काल कंपनीचं पत्र आलं: चूक आमची, बाकी शून्य, क्षमस्व. शी! पण त्या निर्लज्जांनी निदान माफी तरी मागितली. माझ्याच्याने तुला लिहिलेलं हे पत्रही पोस्टात टाकवणार नाही.

तुझी,
धाकटी