औषध उतरवताना

४ फेब्रुवारी
शुभा आयसीयूत. चार दिवस ताप होता, साधाच वाटला. सकाळी चहा गाळता गाळता ओट्यापाशी कोसळली. फिट थांबेचना. बिबवेवाडीतून रिक्षातच घेऊन आलो. एकामागून एक इंजेक्शनं, उपयोग शून्य. शेवटी भूल देऊन व्हेंटिलेटर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूला सूज आहे. झोपवून ठेवू." ऑफिसला मेसेज टाकला.

६ फेब्रु.
शु. अगदी शांत. मला वाटलं, थांबलं. डॉ.नी डोक्याच्या वायरींचा स्क्रीन दाखवला. "अंग शांत आहे. मेंदूत फिट चालूच आहे." मान डोलावली. कँटीनमध्ये इडली खाल्ली. चांगली होती. रडू वगैरे काही नाही.

९ फेब्रु.
भूल हळूहळू उतरवली. शु.च्या आई लोणीहून आल्यात. दुपारी बाहेर धावत आल्या, "जावईबापू, डोळं हलवलं तिनं!"
फिट होती. परत झोपवली. आईंना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "पर माझ्याकडंच बघत हुती."

१४ फेब्रु.
औषधं बदलली, स्टेरॉइड झाले, फिट आटोक्यात यावी म्हणून नळीतून नुसतं तेलातुपाचं अन्न. पुन्हा भूल उतरवली, पुन्हा तेच.
डॉ.: "अजून एकदा भूल उतरवून बघू. पण कुठवर ताणायचं, घरी बोलून ठेवा. जागी झाल्या तरी आधीसारख्या असतीलच असं नाही."
"बरं," म्हणालो. दुधाची पिशवी एक कमी टाका म्हटल्यावर म्हणतात तसं.
आईंना विचारलं. "घास भरवायला लागला तरी भरवीन मी. तुमचं काय ते तुम्ही बघा."
माझं काय ते...

१५ फेब्रु.
करा म्हणून सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही. बरं झालं.

२० फेब्रु.
भूल कालपासून पूर्ण बंद. स्क्रीनवर फिट नाही. सकाळी डोळे उघडले. छताकडे. हाका मारल्या, नजर वळली नाही.
डॉ.: "वेळ लागेल. बोलत राहा त्यांच्याशी."
काय बोलू? सोसायटीत पाणी एकच वेळ येतंय, ते सांगितलं. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे, तेही. तिचं बोट माझ्या तळव्यात हललं.
"सिस्टर, फिट आली का परत?"
त्यांनी स्क्रीन नीट पाहिला. "नाही, फिट नाहीये ही."
"मग?"
"बोला ना तुम्ही. थांबलात कशाला?"
पाण्याचं परत पहिल्यापासून सांगितलं. बोट हललं नाही. हात सोडला नाही.