डाव्या अंगाचे पत्रे

प्रिय श्रावणी,

काल फोनवर तू तुझ्या त्या छोट्या जहाजाची चौकशी केलीस आणि मी विषय टाळून नीरा नदीला पाणी किती आहे ते सांगत बसलो. तुझ्या लक्षात आलंच असेल. शनिवारी तू ते प्रदर्शनासाठी न्यायला येणार, त्याआधी लिहायला हवं.

ओसरीवर बसून तू ते बांधत होतीस, ते दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत. कामट्या भिजवून फासळ्या वळवायचीस, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून उजव्या अंगाला एकेक तुकडा बसवायचीस. आणि मी झोपाळ्यावरून शाळेतल्या समुद्राच्या कविता म्हणायचो. समुद्र पाहिला तो एकदाच, हर्णैला. कविता मात्र सगळ्या पाठ. तू हसायचीस, "बाबा, तुमची जहाजं शिडांची, माझं लोखंडी!" तू जिची प्रतिकृती करत होतीस ती दीडशे वर्षांपूर्वीची खरी युद्धनौका, लाकडावर लोखंडाचं चिलखत. एक बाजू मढवून झाली, तोवर लढाईच संपली. गोदीतच मोडली, पाणी काही तिला लागलं नाही. हे तू सांगितलं होतंस गं. माझं लक्ष पुढच्या कडव्यात असावं.

यंदा वाटलं, खंडेनवमीला तुझं जहाज पूजेत मांडावं. आमच्या घरात हत्यारं म्हणजे विळी आणि अडकित्ता, त्यांच्या शेजारी युद्धनौका! आदल्या दिवशी पाटावर ठेवून पाहिलं, तर शेजारच्या नलूकाकू म्हणाल्या, "अहो, अर्धवट वस्तू पूजेत मांडतात का कुठं?"

अर्धवट. हा शब्द या घरात माझाच. तू इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलंस तेव्हापासून पाहुण्यांदेखत हसत हसत म्हणत आलोय, आमची श्रावणी जरा अर्धवटच. तू कपबश्या उचलून आत जायचीस.

तर त्याच दुपारी जहाज चादरीत गुंडाळून एसटीनं कापूरहोळ गाठलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बाळाचं अर्धं तिकीट काढू का?" पत्र्याचं काम करणारा हणमंत तर खूशच. "ह्ये येका अंगानं उघडंच हाय की! पाणी शिरंल. झाकून टाकू." त्यानं झाकलं, वरून काळा रंगही दिला. नवमीला झेंडूची माळ घातली आणि मला वाटलं, पोरीचं एक काम तरी बापानं तडीस नेलं. तू येशील, बघशील, खूश होशील, असंच दिवसभर मनाशी घोळवत होतो.

आणि काल तू म्हणालीस, "बाबा, डावी बाजू सांभाळा हं. त्या उघड्या फासळ्याच लोकांना दाखवायच्यात. जहाज होतंच तसं."

फोन ठेवला आणि पक्कड घेतली. एक पत्रा उचकटला, तर त्याच्यासोबत एक फासळी मोडून हातात आली. तू किती निगुतीनं वाकवली होतीस ती, हे ती मोडल्यावर कळलं. पुढं हात लावायचा धीर होईना.

कोणी सांगण्याआधी, दार उघडण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. शनिवारी जरा लवकरची गाडी पकड. मोडकी फासळी डबीत ठेवली आहे, नव्या कामट्या आजच भिजत घातल्या. बाकीचे पत्रे तुझ्याच हातानं काढ. मी शेजारी बॅटरी धरून बसेन. कविता म्हणणार नाही. आणि तो शब्दही नाही, कुणापुढंच.

तुझाच,
बाबा