बेचाळीस घरं आणि एक खोडरबर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या रेडिओचा साष्टांग नमस्कार. (हे नाव तूच ठेवलंस. तेव्हा राग आला होता, आता पटलंय.) तुझी तब्येत बरी असेलच, असं लिहिणार होतो, पण पेन अडलं. का, ते सांगतो.

निवृत्तीनंतर घरात लुडबुड नको म्हणून बायकोने मला दवाखान्याच्या कामाला जुंपलं. घरोघरी जायचं आणि ज्या म्हाताऱ्या माणसांचा आजार आता जाणार नाही, पण त्रास कमी करता येईल, अशांना शोधायचं. मग सिस्टर घरी जाऊन औषधपाणी बघणार. त्यांनी बजावलं होतं, नुसतं "कसे आहात" विचारू नका. झोप लागते का, जिना चढताना थांबावं लागतं का, कपडे सैल झालेत का, असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं मला कुठलं जमायला! गळ्यात ओळखपत्र अडकवून बेचाळीस घरं केली. प्रत्येक दारात मी "कसे आहात?", समोरून "बरं आहे", आणि पुढे अर्धा तास माझा गुडघा. सिस्टरांनी दिलेल्या तक्त्यात पेन्सिलीने एक्केचाळीस वेळा "बरं" लिहिलं. "सिस्टरांनी बघावं" अशी फुली फक्त एका आजोबांपुढे, कारण ते खुर्चीत निपचित पडले होते. सिस्टर धावत गेल्या, तर आजोबा स्टुलावर चढून पंखा पुसत होते. (मी जावं म्हणून झोपेचं सोंग घेतलं होतं म्हणे.)

इथवर हसलीस तर हस. पण मग सिस्टरांनी सगळी घरं पुन्हा केली आणि नऊ माणसं सापडली. त्यात एक शिवणकामवाल्या काकू. आडवं झालं की पाठीतून कळ येते, म्हणून गेले चार महिने खुर्चीतच झोपतात. मी त्यांना म्हणालो होतो, वा, या वयात काय ताठ बसता! आत्या, फार लाज वाटते गं. सिस्टर चिडल्यासुद्धा नाहीत. त्यांनी नुसतं खोडरबर मागितलं.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. दोन वर्षांत चौदा. प्रत्येकात "माझं बरं आहे, तुझं लिही." आणि मी आपला चार-चार पानं माझंच लिहीत बसलो.

तिथल्या थोरांना नमस्कार सांग म्हणावं, तर त्या घरात तू एकटीच. तेव्हा तोही तुलाच.

तुझा,
रेडिओ

ता.क. : झोप लागते का? जिना चढताना थांबतेस का? कपडे सैल झालेत का? "बरं" हा शब्द न वापरता कळव.

पुन्हा ता.क. : कळवू नकोस. शेवटची तीन पत्रं तुझ्या अक्षरात नाहीत, हे मला आज दिसलं. आज! रविवारी येतोय. दार उघडायला उठू नकोस, किल्ली शेजारी देऊन ठेव. रेडिओ घरीच ठेवून येतो. तू बोल.