कपाट कोणी ओढलंच नव्हतं

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघे आता तेवढंच करू देतात). तुझ्या खोकल्याची चौकशी करत नाही, तो मधल्या भिंतीतून रोज ऐकतो. परवापासून कमी वाटतोय. वहिनींना सांग, औषध बदललंत ते बरं केलंत.

पत्रास कारण तुझी पुतणी. भौतिकशास्त्रात तिला वीसपैकी चार मिळाले. शुक्रवारी फेरपरीक्षा आहे, तीत नापास झाली तर विज्ञान शाखा सोडावी लागेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती मधल्या दाराने तुझ्याकडे शिकायला यायची. मग आपलं भांडण झालं (गिऱ्हाइकांदेखत तू म्हणालास, शिवणयंत्रांना तेल घालण्यापलीकडे मला काही येत नाही), मी सुट्या भागांचं लोखंडी कपाट त्या दाराला टेकवलं आणि शिकवणी माझ्या गळ्यात पडली. जन्मभर घर्षण कमी करूनच पोट भरलंय, तेव्हा हा धडा म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मी घरात सांगून बसलो.

गणित असं होतं: पन्नास किलोचं कपाट, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, शंभर न्यूटनने ढकललं तरी हलत नाही, तर घर्षण किती? मी वजन पाचशे न्यूटन धरून छातीठोकपणे गुणाकार करून दिला, दोनशे. बाईंनी लाल शाईत लिहिलं, मग कपाट ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून येईल. (पोरीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. घराण्यातच आहे.)

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच गाठोडी तोलायचा स्प्रिंगचा काटा घेऊन आली आणि दाराला टेकवलेल्या आपल्या कपाटाला अडकवून म्हणाली, ओढा. मी पाच किलोचा जोर लावला, कपाट ढिम्म. दहा लावला, तरी ढिम्म. "बाबा, तुम्ही जेवढं ओढता तेवढंच ते अडवतं. गणितातले दोनशे ही त्या कपाटाची शेवटची हद्द आहे. कोणी ओढतच नसेल तर घर्षण शून्य." बावीसला कपाट एकदम सुटलं, काटा पंधरावर उतरला आणि मी जमिनीवर बसलो. (हललं की कमी जोर पुरतो, हे गतिज घर्षण. माझ्या माकडहाडाला ते आता पाठ आहे.) ती ओरडत होती, थांबू नका, थांबलात की पुन्हा बावीस लागतील. मी थांबलो. कपाट चार बोटं सरकलंय.

पण तेव्हापासून तिचं ते शून्य डोक्यातून जात नाही. दोन वर्षं मी धरून चाललो की दादा हटायचा नाही, त्याचा हट्ट पुरा दोनशेचा. आणि ओढून पाहिलं किती वेळा? एकदाही नाही. मला तुझी आठवण येते, दादा. खोकला ऐकू आला नाही की झोप लागत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. शुक्रवारला चार दिवस उरलेत. पोरीला तू शिकव. माझ्याकडे राहिली तर चारचे दोन होतील.

दुसरा ता. क. तेलाबद्दल तू बोललास ते खरंच होतं. गिऱ्हाइकांदेखत बोलायला नको होतंस, एवढंच.

तिसरा ता. क. चार बोटं लिहिलं ते सकाळी. हे पत्र तुला मधल्या दाराखालच्या फटीतून मिळालंय, यावरून कपाटाचं काय झालं ते समजून घे. कडी तुझ्या बाजूला आहे.