मागची सैल वायर

आई,

तुम्ही दवाखान्यातून येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण धीर होत नाही. सकाळी टेबल पुसताना यांच्या कॉम्प्युटरला धक्का लागला आणि झोपलेला तो काही केल्या जागा होईना. आतला पंखा फिरत होता, पण स्क्रीन काळीच. माउस हलवला, दिसेल ते बटण दाबलं. यांचं कालचं काम तसंच उघडं होतं. बंद करून पुन्हा लावावा, तर ते जाणार. मग संध्याकाळी यांच्यापुढे उभं कोण राहणार?

तेवढ्यात चिमी टेबलाखालून म्हणाली, "आई, मी बिघडवला म्हणून सांग. मला कमी मारतील."

शेवटी स्क्रीनची मागची वायर सैल सापडली. घट्ट बसवली, स्क्रीन उजळली. काम जसंच्या तसं आहे. तरी मी चिमीचे कपडे पिशवीत भरले.

चिमीला घेऊन मी माझ्या ताईकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गोळ्या डबीत काढल्यात.

आई, यांचा आवाज चढला की तुम्हीही देवघराचं दार लावून घेता, ते मी पाहिलंय. ताईकडे तिघींपुरती जागा आहे. हे यायच्या आत निघा.